बत्तिसावी खाट

झायदला आमच्या खोऱ्यात सगळे तक्तेवाला म्हणायचे. तालुक्याच्या शिक्षण कचेरीत तो नोकरीला, आणि नोकरी काय, तर प्रकल्पांचे उपक्रम आखायचे. कोणतं काम आधी, कोणतं मागून, कोण करणार, कुठल्या महिन्यात, आणि झालं हे कशावरून ओळखायचं, असा पाच रकान्यांचा तक्ता. एकदा त्यानं गावोगावच्या शाळांत हात धुण्याचं शिक्षण आखलं. मास्तरानं पोरं ओळीनं उभी केली, साबणाच्या वड्या वाटल्या, आणि बघतो तर शाळेत नळच नाही. नळाची ओळ तक्त्यात पुढच्या वर्षी होती. अजूनही कुणी उलटं काम केलं की आमच्याकडे विचारतात, झायदला विचारून केलंस काय रे.

पण माणूस मनाचा चांगला. खोऱ्यातला पहिला शिकलेला, आणि शिकून खाली शहरात गडप न झालेला. आठवडाभर तालुक्याला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि शनिवारी मालमोटारीच्या मागे बसून, शेवटचे दोन तास चालत, आमच्या आयत ऊझ्रूला यायचा. देवदार संपतात आणि नुसता खडक सुरू होतो, तिथं गाव. घरी म्हातारी आई यामना, थोरला भाऊ बास्सू, त्याची बायको फादमा, झायदची बायको राबहा. बास्सूची मुलगी तूदा आणि तिच्या पाठीवर दोन चिमुरडे मुलगे. झायदची एकुलती एक इझा. सगळ्यांची चूल एक, ताट एक.

तूदा आणि इझा एकाच वर्षीच्या. इझा आईवर गेलेली, शांत, मागाजवळ बसली की तिला जेवणाची शुद्ध राहायची नाही. तूदा म्हणजे वेगळंच प्रकरण. रविवारी सकाळी झायद माळवदावर तक्ते पसरून बसला की ही शेळ्यांचं पाणी आटपून त्याच्या शेजारी येऊन बसणार. हातात पेन्सिलीचा बोटभर तुकडा.

खोऱ्यातल्या मुली सहावीपर्यंत गावात शिकत आणि मग घरी बसत, कारण पुढची शाळा तालुक्याला आणि तिथं राहायला जागा नाही. झायदनं चार वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवून मुलींच्या वसतिगृहाचा प्रकल्प मंजूर करून घेतला होता. त्याचा पहिला तक्ता त्यानं तूदासमोर उलगडला तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिनं ओळीवरून बोट फिरवलं आणि थांबली.

"काका, छप्पर डिसेंबरात?"

"हो. का?"

"बर्फात गवंडी कुठून चढणार वर? तुम्ही चढणार काय शिडी घेऊन?"

झायदनं कपाळावर हात मारला. छप्पर सप्टेंबरात आलं, पाया मे महिन्यात, आणि दगड आणायचं काम थेट मार्चात सरकलं. कचेरीत त्या आराखड्याचं कौतुक झालं. तिथल्या लोकांना काय माहीत, की तो आराखडा एका दहा वर्षांच्या पोरीनं सुधारलाय. झायद मात्र ज्याला त्याला सांगत सुटला. आपली तूदा एक दिवस माझ्या खुर्चीवर बसेल, म्हणायचा. बास्सू हे ऐकून मिशीत हसायचा आणि मेंढरांकडे वळायचा.

आता खाटा किती, हे ठरवायचं होतं. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. पाटातला गाळ काढायचा, चुलीमागे एक माणूस. मास्तराचं जेवण, रोज एक चूल. सणाला गावानं मिळून बैल कापला की पाल्यावर मांसाचे वाटे मांडतात, चुलीमागे एक वाटा, मग त्या चुलीवर तिघं जेवोत की तेरा. त्यामुळे भांडण नाही, तंटा नाही. झायद पाच गावांत बैठका घेत फिरला आणि विचारलं, मुली किती पाठवाल. पाचही गावांनी सवयीनं चुली मोजल्या. इमारत होईपर्यंत सहावीला पोचेल अशी मुलगी असलेल्या चुली एकतीस. एकतीस, असं सगळ्यांनी सांगितलं आणि झायदनं लिहून घेतलं.

त्याला विचारायला सुचलं नाही, की एका चुलीत दोन असल्या तर. कसं सुचणार. तो त्याच पाल्यावरचा वाटा खाऊन मोठा झालेला. उलट त्याला अभिमानच वाटला, की बाहेरचा साहेब असता तर पोरी मोजत बसला असता आणि गावागावांत मारामाऱ्या लावून गेला असता. त्यानं तक्त्याखाली नियम म्हणून घालूनही टाकलं, प्रत्येक चुलीतून एक मुलगी. गावचा म्होरक्या हम्मादी सगळ्यांदेखत म्हणाला, "शिकलास तरी आमचाच राहिलास." झायदला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

दोन वर्षांत इमारत उभी राहिली. मे महिन्यात, मुली सहावीच्या परीक्षेला बसायच्या आधी, झायद शिक्का मारलेली यादी घेऊन घरी आला. माळवदावर राबहानं चहा आणून ठेवला. तूदानं यादी मांडीवर घेतली आणि गावांची नावं मोठ्यानं वाचत गेली. आमच्या गावाशी आली आणि तिचा आवाज हळू झाला.

"नववी चूल, बास्सू उ-मोहा," ती म्हणाली. "एक मुलगी. काका, एक म्हणजे कोण?"

झायदनं कागद तिच्या हातातून घेतला. वाचला, परत वाचला. स्वतःच्या हातानं लिहिलेलं, स्वतः शिक्का मारून आणलेलं. इझा तिथंच पलीकडे मागाजवळ बसली होती, तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात धाग्यावर थांबला होता.

"बघतो," झायद म्हणाला.

"बघा," तूदा म्हणाली आणि चहाचे पेले गोळा करायला लागली.

सोमवारी तो साहेबासमोर उभा राहिला. हा सी बेन्नासर साहेब म्हणजे खाली मैदानातला माणूस, बोलायला सरळ. वसतिगृहात खाटा होत्या दुमजली, दोन माणसांची एक, म्हणून एकतीसच्या बत्तीस आल्या होत्या. झायदला ते ठाऊक होतं.

"एक जास्तीची आहे, साहेब."

"आहे. कुणासाठी मागतोस?"

झायदनं सांगितलं. साहेबानं चष्मा काढला.

"दोन-दोन मुली असलेल्या आणखी सहा चुली आहेत तुझ्याच यादीत. त्यांनी घरात बसून एकीला निवडलं आणि एकीला रडू दिलं. आता ती खाट तुझ्या पुतणीला दिली, तर ते तुझ्या तोंडावर थुंकतील, आणि मी त्यांना अडवणार नाही. नियम तू घातलास."

"मग ती खाट रिकामीच ठेवायची?"

"चुलीमागे एक म्हणतोस ना? बत्तिसावी चूल आण, खाट तिची. ऑगस्टअखेर यादी बंद."

घरी येईपर्यंत झायदच्या डोक्यात तेच घोळत होतं. तरी त्यानं आधी साधा मार्ग करून बघितला. तो बास्सूला म्हणाला, "तूदाला पाठवू. ती हुशार आहे. इझाला तसंही मागात जास्त गोडी." म्हणताना त्याची जीभ अडखळली, कारण इझा त्याचीच होती आणि बापाचं काळीज ते काळीज.

बास्सूनं ऐकूनही घेतलं नाही. "वसतिगृह तू आणलंस, तुझी पोर जाईल. मी चुलीचा कर्ता. उद्या गाव म्हणेल, बास्सूनं भावाच्या पोरीच्या तोंडचा घास काढून आपल्या पोरीला भरवला. तूदा राहील घरी. फादमाला हात लागतोच."

विषय संपला. आमच्याकडे थोरल्यानं आपलं ते धाकट्याला दिलं, की धाकट्यानं ते परत करायचं नसतं. आणि खरं सांगायचं तर झायदला त्या क्षणी आत कुठंतरी बरं वाटलं, की इझा जाणार. त्या बरं वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली, की पुढचं सगळं त्यानं त्या लाजेपोटी केलं, असं मी म्हणेन.

जूनमध्ये निकाल लागला. तूदा पाचही गावांत पहिली. त्या शनिवारी झायद तडक गोठ्यात गेला. बास्सू खेचराचं खोगीर शिवत बसला होता. मेंढरं वरच्या कुरणात न्यायचे दिवस जवळ आले होते.

"दादा, एक बोलायचं होतं."

"तक्ता नसेल तर बोल."

"चूल वेगळी करू," झायद म्हणाला. बास्सूची मान झटकन वर आली, तसा तो घाईघाईनं बोलत सुटला. "खरी नाही, दादा. नावापुरती. हम्मादीला बोलवू, तो बघेल, नोंद होईल, तूदाला खाट मिळेल. दोघी जातील. जेवायचं आपण एकत्रच. सप्टेंबर उलटला की परत एक करू."

बास्सूनं दाभण खोगिरात तसाच रुतवून ठेवला.

"बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास," तो म्हणाला. "हम्मादीच्या बापानं विचारलं मला, धाकटा मामाकडे जाऊ दे का, तूच अजून पोरसवदा आहेस. मी म्हटलं, माझा भाऊ माझ्या ताटात जेवेल. तुझी पुस्तकं याच चुलीवरून गेली, झायद."

"माहीत आहे, दादा."

"माहीत असून बोलतोस."

मग बास्सूनं दाभण उपसला, दोरा ओठांत ओला केला आणि म्हणाला, "कर."

त्या एका शब्दाचा अर्थ झायदला लागला नाही. आयुष्य रकान्यांत गेलेला माणूस तो, त्याला वाटलं होकार म्हणजे होकार. अरे बाबा, तुझा भाऊ आहे तो, त्याच्या तोंडाकडे तरी बघायचंस. पण झायद केव्हाच हम्मादीच्या दाराकडे निघाला होता.

चूल वेगळी करायला आमच्याकडे कागद लागत नाही. घराच्या दुसऱ्या टोकाला तीन दगड मांडतात. घरातली सगळ्यात थोरली बाई जुन्या चुलीतला निखारा उचलून नव्या चुलीत घालते, तिथं जवाची भाकरी भाजते, आणि म्होरक्यानं त्या भाकरीचा तुकडा खाल्ला की झालं. त्या शुक्रवारी बास्सू घरी नव्हता. दोन दिवस आधीच तो मेंढरं घेऊन वर निघून गेला होता. यामनानं निखारा चिमट्यात धरला आणि अंगण ओलांडायला लागली. पंचाहत्तरीची बाई. मध्यावर निखारा खाली पडला. राबहा उचलायला धावली, तशी म्हातारी म्हणाली, "राहू दे. माझ्या हातानं मोडायचंय ना, मीच मोडते."

हम्मादीनं तुकडा तोंडात घातला आणि चावताना झायदकडे बघत राहिला. "तुला हे हवंय नक्की?"

"नावापुरतं आहे, हम्मादीकाका."

"भाकरी मी नावापुरती नाही खाल्ली," तो म्हणाला.

यादीत बत्तिसावी चूल चढली. आता बास्सूच्या चुलीतून तूदा आणि झायदच्या चुलीतून इझा. तूदानं यादी दोनदा वाचली आणि आपल्या नावाखाली पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली. त्या उन्हाळ्यात ती आणि इझा सगळा वेळ एकच बोलत, वरची खाट कुणाची आणि खालची कुणाची.

पण गाव काही नावापुरतं मानायला तयार नव्हतं. जुलैत पाटाचा गाळ काढायची हाक आली ती दोन चुलींना दोन वेगळ्या हाका. बास्सू कुरणात, झायद कचेरीत, मग एकीकडून राबहा आणि दुसरीकडून फादमा खोरं घेऊन चिखलात उतरल्या. झरा वेगळ्या वेळी, सरपण वेगळं. फादमाला पूर्वी चार हात साथीला असत, आता ती दोन चिमुरड्यांना सांभाळून एकटी करत होती, आणि जे उरे ते तूदा करत होती. एकत्र जेवायचं ठरलं होतं, पण दोन चुलींनी एका ताटात जेवायचं म्हणजे हम्मादीच्या भाकरीला खोटं पाडायचं. म्हातारी आपला वाडगा स्वतः हातात घेऊन एक दिवस या चुलीला आणि एक दिवस त्या चुलीला जायला लागली. कुणी काही विचारलं की म्हणायची, मला चालायला बरं पडतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी मुलींना न्यायला मालमोटार खालच्या रस्त्यावर येणार होती. अंगणात दोन वळकट्या बांधून ठेवल्या होत्या. फादमानं तूदाच्या वळकटीत अक्रोड बांधले होते, राबहानं इझाच्या. बास्सू कुरणातून पहाटेच उतरला होता. तो उंबऱ्यात बसून चहा प्यायला, पेला ठेवला आणि म्हणाला, "तूदाची वळकटी आत ने."

फादमा उठलीच नाही. झायदला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दादा, यादीत नाव आहे तिचं."

"असेल."

"खाट आहे. चूल त्यासाठीच तर—"

"चूल तू वेगळी केलीस," बास्सू म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "घर एक होतं तेव्हा दोन पोरी होत्या. एक गेली असती तरी एक राहिली असती. आता माझ्या चुलीला एकच आहे. ही गेली तर पाणी कोण आणणार? फादमा? तिच्या कंबरेची काय दशा झाली ती बघितलीस का या उन्हाळ्यात? म्हातारीला कोण बघणार? तू हात वाटून घेतलेस, झायद. माझ्या वाट्याला आले तेवढे मी राखणार."

झायद त्याच्या पायाशी बसला. भर अंगणात, बायकांसमोर, कचेरीतला माणूस. "मग मोडू परत. आत्ता मोडू. मी हम्मादीला घेऊन येतो. इझा राहील, तूदा जाऊ दे."

"आणि गाव काय म्हणेल? पोरीच्या खाटेसाठी या भावांनी खोटी चूल मांडली आणि खोटी भाकरी हम्मादीला चारली. म्हातारीच्या हातून." बास्सूनं मान दुसरीकडे फिरवली. "मी तुला कर म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं, तू नाही करणार."

झायदचं काळीज तिथंच फाटलं. वीस वर्षं लोकांना कामांचा क्रम शिकवणारा माणूस, आणि भावाच्या मनातलं आधी काय नि मागून काय हे त्याला एकदाही कळलं नाही. आपणच पोरीला पायरीवर चढवलं आणि आपणच पायरी काढून घेतली, हे त्याला त्या दिवसापासून जे टोचायला लागलं ते अजून टोचतं.

इझा रडत होती. ती म्हणाली, मी पण जात नाही. तेव्हा तूदा उठली. तिनं स्वतःची वळकटी आत नेऊन ठेवली, बाहेर आली, आणि इझाची वळकटी पाठीवर घेतली.

"चल," ती म्हणाली. "गाडी थांबत नाही."

रस्त्यापर्यंत तिनं ती वळकटी वाहिली. झायद मागून चालत होता. मालमोटारीत तिनं वळकटी वर चढवली, इझाच्या डोक्यावरचं फडकं नीट केलं, पेन्सिलीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि आली तशी चढण चढून परत गेली. झऱ्यावरून पाणी आणायची वेळ झाली होती.

प्रकल्पाचा अहवाल झायदनंच लिहिला. शेवटच्या रकान्यात त्यानं घातलं, चुली बत्तीस, खाटा बत्तीस. सी बेन्नासरनं तो वरच्या कचेरीत नमुना म्हणून पाठवला. अहवाल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी झायदनं कचेरीच्या संडासात दार लावून रडून घेतलं, हे त्यानं स्वतः मला सांगितलं. तेव्हापासून तो बैठकीला गेला की एकेका मुलीचं नाव विचारतो. घरात आणखी कोण आहे, तिचं नाव काय, ती गेली तर पाणी कोण आणेल. लोक हसतात. म्हणतात, तक्तेवाला आता पोरी बघायला फिरतो की काय. तो त्यांना हसू देतो आणि नावं लिहून घेतो.

एप्रिलात बर्फ वितळल्यावर तो एका शनिवारी मुद्दाम बास्सूच्या चुलीकडे गेला. दोघा भावांचं बोलणं तोवर सलामापुरतं उरलं होतं. तूदा एकटीच होती, भाकऱ्या भाजत. उंच झाली होती, बोटं भेगाळली होती. झायदनं नव्या प्रकल्पाचा तक्ता तिच्यासमोर धरला. शाळेत नळ आणायचा प्रकल्प होता.

"बघ गं जरा, क्रम बरोबर आहे का."

तिनं हात फडक्याला पुसले आणि कागद घेतला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवत वाचायला लागली, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्येच तिनं कागद परत केला. कडेला पिठाची बोटं उठली होती.

"आता पटकन लागत नाही वाचायला, काका," ती म्हणाली. "आणि भाकरी करपेल."

झायद उठायला लागला. तेव्हा तिनं निखारे पुढे ओढत विचारलं, "माझी खाट वरची होती का खालची?"

"वरची," तो म्हणाला. "खिडकीला लागून. अजून कुणी नाही तिथं."

तूदानं भाकरीची कड चाचपून बघितली.

"मग इझाला सांगा, गोधड्या तिथं ठेव म्हणावं. खाली ओल धरत असेल," ती म्हणाली, आणि तिनं भाकरी उलटली.